मास्तरांची साठी

“पुढं सरका, पुढं सरका, पुढं रिकामं हाय!”

हे वाक्य तुम्ही एसटीत ऐकलं असेल. आम्ही ते रोज सकाळी पिकलबॉलच्या कोर्टवर ऐकायचो. समोरच्याची सर्व्हिस परतवली की मास्तर जोडीदाराला असं ओरडून सांगत आणि स्वतः लहान लहान पावलं टाकत जाळीकडे जात. घाई नाही, धावपळ नाही. गर्दीतून वाट काढत माणूस जातो तसे. खेळ सुरू करण्याआधी हातातल्या बॅटीची कड जाळीच्या लोखंडी खांबावर दोनदा वाजवायची, टक टक, ही त्यांची दुसरी सवय. दोन बेल म्हणजे गाडी सोडा.

आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. म्हणून आम्हीही त्यांना मास्तरच म्हणायचो. जामखेडच्या आगारात त्यांची सगळी नोकरी झाली. मी कॉलेजात आले त्याच वर्षी ते निवृत्त झाले होते.

पिकलबॉल म्हणजे काय, हे अजून सगळ्यांना माहीत नसेल. मलाही नव्हतं. कोर्ट बॅडमिंटनएवढं, जाळी कमरेच्या थोडी खाली, बॅट पोळपाटासारखी सपाट आणि चेंडू प्लॅस्टिकचा, भोकं भोकं असलेला. अमेरिकेत कुणी तरी घराच्या अंगणात हा खेळ सुरू केला म्हणे. आता तो व्हिएतनाम, मलेशिया, तैवान, कुठे कुठे पोचला आहे. देशांचे संघ होतात, स्पर्धा टीव्हीवर दाखवतात. आमच्या गावात तो एका मंगल कार्यालयातून आला. कार्यालयाच्या मालकांचा मुलगा, आम्ही त्याला दादा म्हणतो, पुण्याची नोकरी सोडून परत आला आणि त्याने मांडवाच्या सिमेंटच्या अंगणावर निळा रंग देऊन पांढऱ्या रेषा मारल्या. तिथी नसेल त्या दिवशी कोर्ट, तिथी असेल त्या दिवशी मांडव. आमचं मुलींचं वसतिगृह शेजारीच होतं. दादाने कॉलेजच्या मुलामुलींना सकाळी खेळायला परवानगी दिली, म्हणून मी तिथे जायला लागले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. आईवडील ऊसतोडीला जातात. खेळ वगैरे आपल्यासाठी असतो की नाही, याची मला तेव्हा खात्री नव्हती.

मास्तर पहिल्यांदा आले ते फाटकाशीच उभे राहिले. पहाटेच्या गाडीला जायची सवय, झोप येत नाही, म्हणून फिरायला निघालेले. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, “काय हो, ह्यातलं टेबल कुठं गेलं?”

“कसलं टेबल?” दादा म्हणाला.

“टेबलटेनिसचं. बॅट तीच, जाळी तीच, निस्तं टेबलच न्हाई. चोरीला गेलं व्हय?”

आम्ही हसलो. दादाने त्यांच्या हातात बॅट दिली. पहिला चेंडू त्यांनी मांडवाच्या पत्र्यावर मारला, दुसरा आचाऱ्याच्या रिकाम्या पातेल्यात. तिसरा मात्र अलगद जाळीपलीकडे टेकवला. मग ते रोजच यायला लागले.

ते धावत नसत, हे मी सांगितलंच. पण त्यांचा तोल कधी गेलेला मी पाहिला नाही. आयुष्य चालत्या गाडीत काही न धरता उभं राहण्यात गेलेलं. चेंडू अंगावर आला की ते फक्त थोडेसे कलत, वळणावर कलतात तसे, आणि बॅट मध्ये धरत.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कोर्टवर अक्षता पसरलेल्या असत. त्या पायाखाली आल्या की माणूस घसरतो, आणि चेंडू दाण्यावर पडला की भलतीकडेच उडतो. मास्तर सगळ्यांच्या आधी येऊन खराट्याने अक्षता एका कोपऱ्यात गोळा करत. आम्ही सुपलीने भरून कचऱ्यात टाकायला गेलो की रागवत.

“आरं, काल कुनाचा तरी संसार लागलाय ह्याच्यावर. कचऱ्यात काय टाकता?”

मग ते तांदूळ ओंजळीने कुंपणाच्या भिंतीवर ठेवत. चिमण्या येत. तोवर खेळ सुरू होत नसे. दादा म्हणायचा, “मास्तर, चिमण्यांचं तिकीट फाडून झालं का?”

आता त्यांच्या वयाबद्दल सांगते, कारण सगळं त्याच्यावरच अडलं.

एकदा खेळून झाल्यावर आम्ही पायऱ्यांवर बसलो होतो. मी सहज विचारलं, “मास्तर, तुमचं वय काय?”

“कागदाचं इचारतीस का माजं?”

मला हसू आलं. माझ्या वडिलांचीही जन्मतारीख एक जून आहे. तुमच्याही घरात कुणाची तरी असेल. शाळेत नाव घालताना जन्म कुणाला सांगता यायचा नाही, आणि जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, म्हणून गुरुजी एक जून टाकून मोकळे.

“माजा जन्म फडावरच्या कोपीतला, पाचटाच्या झोपडीत,” मास्तर म्हणाले. “आई-बाप उसाला जायचे. सहा महिने गावात, सहा महिने फडात, शाळेत कोन घालतंय? घातलं तवा मी चांगला घोडा झाल्तो. गुरुजींनी आईला इचारलं, जन्म कवाचा? आई म्हनली, उसाला गेल्तो तवाचा. गुरुजी म्हनले, उसाला तर तुमी दरसाल जाताय. मंग त्यांनीच माज्याकडं बघितलं, थोडा इचार केला अन् ल्हान करून टाकलं. तीन वर्सांनी.”

“पण खरं तुम्हाला कसं कळलं?”

“मोठ्या दुष्काळात मी मातीच्या पाट्या उचलायला गेल्तो. धा वर्सांचा असंन. कागदाला इचार, कागद म्हनंल हे पोरगं तवा सात वर्सांचं हुतं. मुकादम सात वर्सांच्या पोराला कामावर घेतुय व्हय?”

निवृत्तीच्या दिवसाची गोष्टही ते रंगवून सांगत. मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी आगारातले सगळे एक जूनवाले एकदमच निवृत्त झाले. हार कमी पडले. मग एकाच्या गळ्यातला काढून दुसऱ्याच्या गळ्यात. “माज्यापत्तुर आला तवा त्यात निस्ता दोराच राह्यला हुता,” असं म्हणून ते मोठ्याने हसत.

फेब्रुवारीत पुण्याला स्पर्धा होती. दादाने आम्हा दोघी मुलींचं नाव दिलं, आणि पन्नाशीच्या वरच्या गटात त्याच्या वडिलांची आणि मास्तरांची जोडी लावली. आम्ही एसटीने गेलो. गाडी अर्धी रिकामी, तरी मास्तर उभेच.

“बसा की मास्तर,” मी म्हटलं.

“बसलो का मला वाटतं गाडीत कोन तरी बिगरतिकिटाचं हाय.”

त्यांच्या गटात नुकतीच पन्नाशी ओलांडलेले लोक होते. पोटऱ्या दगडासारख्या. रोज जिमला जाणारे. मास्तरांनी चेंडू अलगद टेकवला की ते दोन ढांगांत येऊन फोडून टाकत. दोन्ही सामने गेले. हरल्याचं मास्तरांना फार वाटलं असं दिसलं नाही. पण शेजारच्या कोर्टवर साठीच्या वरच्या गटाचे सामने चालू होते, ते बघत ते कितीतरी वेळ उभे राहिले.

“हे बघ,” ते म्हणाले, “हे माजे लोक हायेत. माज्यासारखंच वाकत्यात.”

मी टेबलाशी जाऊन विचारलं, गट बदलता येईल का. बसलेल्या मुलाने नम्रपणे सांगितलं, “ताई, आधारवर जे आहे तेच. स्पर्धेच्या दिवशी साठ पूर्ण पाहिजेत.” बाहेरच्या देशांतही हाच नियम, असंही तो म्हणाला.

मी परत आले तर मास्तर खेळत होते. मैदानाच्या कडेला एक भिंत होती, तिथे एक बुटके, पांढऱ्या केसांचे गृहस्थ एकटेच चेंडू मारत होते. ते व्हिएतनामचे होते. त्यांचे जावई पुण्यात कारखान्यात कामाला होते, आणि ते मुलीकडे आले होते. मास्तरांनी त्यांच्यासमोर बॅट नाचवून खुणेनेच विचारलं होतं, आणि दोघं बाजूच्या रिकाम्या कोर्टवर गेले होते. तुम्ही तो खेळ पाहायला हवा होता. दोघंही चेंडू जोरात मारतच नव्हते. इकडून टेकव, तिकडून टेकव. एक चेंडू संपतच नव्हता. मध्येच मास्तर सवयीने ओरडले, “पुढं सरका!” आणि ते गृहस्थ खरंच पुढे सरकले.

खेळ निम्म्यावर आला आणि संयोजकांनी कोर्ट मागितलं. दोघं बाजूला झाले. त्या गृहस्थांनी बोटांनी आपलं वय दाखवलं, बासष्ट. मास्तरांनी एकसष्ट दाखवलं, मग माझ्याकडे बघून म्हणाले, “ह्यांला काय सांगायचं, खरं का कागदाचं?”

त्या गृहस्थांची मुलगी तिथेच होती, ती इंग्रजी बोलत होती. माझं इंग्रजी जेमतेम. तरी मला एवढं कळलं: तिच्या वडिलांच्या गावी दर वर्षी जुलैत मोठी खुली स्पर्धा होते, बऱ्याच देशांतले लोक येतात. वडिलांचा जोडीदार खेळायचा थांबला आहे. तुमचे काका साठीच्या गटात त्यांच्याबरोबर खेळतील का?

मी हे मराठीत सांगितलं. मास्तरांनी बॅट काखेत मारली. मग त्यांनी त्या गृहस्थांचा हात दोन्ही हातांत धरला.

परत येताना मी म्हटलं, “मास्तर, तारीख दुरुस्त करून घेऊ. गॅझेटमध्ये होतं असं ऐकलंय.”

“नगं.”

“का पण? खोटीच आहे ना ती?”

ते दांड्याला टेकून उभे होते. “त्या तारखेनं मला नोकरीत तीन वर्सं जास्ती दिली, बाई. त्यातच पोराचं शिक्षन झालं. तवा मी म्हनलो न्हाई, साहेब, ही तारीख खोटी हाय. आता माज्या खेळापायी कसं म्हनू? थांबू की. ह्या जुलैला न्हाई तर पुढल्या जुलैला, तवर कागदाला बी साठ भरत्यात. मधी फकस्त एक दिवाळी हाय.”

आणि ते थांबले. त्या गृहस्थांनीही मुलीकडून कळवलं, एक वर्ष मीही थांबतो. थांबणं म्हणजे नुसतं बसणं नाही. त्यांनी पासपोर्ट काढला. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, पुऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “आख्ख्या नोकरीत फुकटचा पास हुता, तरी मला कदी शिर्डी दावली न्हाई. अन् आता धोपाटणं घेऊन इमानात बसाय निघालंय हे मानूस!”

“चल की तू बी.”

“मी न्हाई बाई. तुमी तिकडं टोले मारत बसनार, मी काय तुमचे चेंडू येचू?”

ते पाहुणे आपल्या देशी परतल्यावर रोज सकाळी व्हिएतनामहून माझ्या मोबाईलवर एक छोटा व्हिडिओ यायचा. पांढऱ्या केसांचे ते गृहस्थ, मागे नारळाची झाडं आणि भिंतीवर चेंडू. मग मी मास्तरांचा काढून पाठवायचे. मागे कुंपणाची भिंत आणि अक्षता टिपणाऱ्या चिमण्या. कुणी काही लिहीत नव्हतं. मास्तर तो व्हिडिओ डोळ्यांजवळ धरून बघत. “ह्यांचा डावा हात लई चांगला हाय. मी उजव्या अंगाला उभा ऱ्हातो, म्हंजे मधला चेंडू त्यांला जाईल.” जोडी अशी रोज थोडी थोडी बसत होती. व्हिएतनामला जायला गाडी कुठे बदलावी लागते, हेही त्यांनी दादाला विचारून ठेवलं होतं.

दिवाळीनंतर ते एक दिवस खेळता खेळता थांबले आणि खुर्चीवर जाऊन बसले. आम्ही त्यांना खेळाच्या वेळी बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं. नगरला नेलं. छातीच्या नसांचं निघालं. डॉक्टरांनी केसपेपर भरायला वय विचारलं तेव्हा मास्तरांनी कागदाचं सांगितलं, एकोणसाठ. मागून काकू म्हणाल्या, “डाक्टर, बासष्ट लिवा. हितं तरी खरं लिवा.” हे मला काकूंनीच नंतर सांगितलं. सांगताना त्या हसल्या होत्या.

नसांवर इलाज झाला. डॉक्टर म्हणाले, मे संपेपर्यंत बॅट धरायची नाही, मग तपासून ठरवू. मास्तरांनी विचारलं, “मंग जुलैला इमानात बसता येईल?” डॉक्टर म्हणाले, नीट राहिलात तर येईल.

ते नीट राहिले. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण लोक नंतर म्हणाले की ऐकत नसतील. ते सगळं ऐकत होते. बिनमिठाची भाजी, वेळेवर गोळ्या, सांगितलंय तेवढंच चालणं. सकाळी कोर्टवर यायचे, पण खुर्चीवर बसायचे. बॅट कापडी पिशवीत असायची, बाहेर काढायचे नाहीत. एकदा चेंडू घरंगळत त्यांच्या पायाशी गेला. त्यांनी तो उचलला, अंगठ्याने त्याच्या भोकांवरून फिरवला आणि माझ्याकडे टाकला.

“एक मारा ना मास्तर, अलगद,” दादा म्हणाला.

“न्हाई बाबा. शबूद दिलाय. एकदा जून गाठू दे.”

एप्रिलमध्ये तिथी दाट होत्या. कोर्टवर आठवडाभर मांडव होता, त्यामुळे कुणाची गाठ पडली नाही. माझी प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. प्रयोगशाळेतून बाहेर आले तेव्हा दादाचा फोन आला. सकाळी चहा पिऊन मास्तर ओट्यावर बसले होते. काकू कप न्यायला बाहेर आल्या, तेव्हा ते भिंतीला टेकलेले होते.

चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. खाली जन्मतारीख एक जून, आणि कागदाचं साल. त्यांच्याबरोबर पुष्कळ वर्षं गाडी चालवलेले एक ड्रायव्हर त्या फ्लेक्सपुढे उभे राहून मास्तरांच्या मुलाला म्हणत होते, “आरं, हा माज्यापरीस मोठा हुता. ह्याची तीन वर्सं कुठं टाकली तुमी?” मुलगा फ्लेक्सचा सुटलेला दोरा बांधत राहिला. तो तरी काय करणार? शासनाकडे, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे तीच तारीख. मास्तर कागदावर साठ वर्षांचे झालेच नाहीत.

व्हिएतनामला मीच कळवलं, पुण्यातल्या त्यांच्या मुलीला मेसेज करून. मुलीने उत्तर दिलं, वडिलांना सांगितलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ आला नाही. त्यानंतरही आला नाही.

खेळ मात्र वाढतोच आहे. गावात आणखी एका कार्यालयाने रेषा मारल्या आहेत. नगरला तर रात्रीच्या दिव्यांची कोर्टं झाली आहेत. आमच्याच कॉलेजची एक मुलगी राज्याच्या संघात निवडली गेली. दादा म्हणतो, पुढेमागे हा खेळ ऑलिंपिकमध्येही जाईल. जाईल कदाचित. मी ऐकते आणि मान हलवते.

एक जूनला सकाळी आम्ही खेळायला जमलो होतो. आदल्या दिवशी लग्न होतं, अक्षता झाडायच्या होत्या. तेवढ्यात फाटकातून काकू आत आल्या. इतक्या दिवसांत त्या तिथे कधीच आल्या नव्हत्या. हातात स्टीलचा मोठा डबा होता. त्यांनी कोर्टकडे पाहिलं, मधल्या जाळीकडे पाहिलं, मग मला विचारलं, “बाई, आजच्याला ह्यांनला साठ भरली ना गं?”

“हो काकू.”

“मंग आता घेतलं असतं त्या गटात?”

“हो काकू. आजपासून घेतलं असतं.”

“अडकाठी काय नसती?”

“काहीच नसती.”

“बरं,” त्या म्हणाल्या. त्यांनी डबा पायरीवर ठेवला आणि झाकण काढलं. आत शिरा होता, अजून गरम. “वरीसभर घरात गोडधोड करत न्हाईत. पोरगं नगं म्हनत हुतं. पर मी केलं. ह्यांचा वाढदिस कदी केला न्हाई, तारीक खोटी म्हून. खरी तर कुनालाच ठावं न्हाई. म्हनलं, हीच धरावी.”

वाट्या नव्हत्या, चमचे नव्हते. काकूंनी प्रत्येकाच्या तळहातावर शिरा घातला. दादाच्या, त्याच्या वडिलांच्या, आम्हा मुलामुलींच्या. आम्ही उभ्यानेच खाल्ला. त्या एकेकाकडे बघत होत्या, संपला की परत घालत होत्या. तूप भरपूर घातलं होतं. सगळ्यांचे हात तुपकट झाले, बॅट धरता येईना. नळ जवळच होता. पण हात धुवायला कुणी गेलं नाही, आणि त्या दिवशी कुणी खेळलंही नाही.